मास्तरांचा ‘हं’

रविवारी सकाळी साडेनऊला ठमीने सोलोचं बटण दाबलं आणि तिला तो ‘हं’ पहिल्यांदा ऐकू आला.

ठमी म्हणजे मास्तरांची मुलगी. वय चौतीस, धंदा कीबोर्ड वाजवण्याचा. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच बरं आहे. तिच्यापुढे जो कीबोर्ड होता तो नुसता वाजवायचा नव्हता, वर्कस्टेशन होतं. त्यातच वाजवा, त्यातच आवाज भरा, त्यातच कापा-जोडा. आत सोळा ट्रॅक वाद्यांसाठी आणि सोळा माणसाच्या आवाजासाठी. एकेक ट्रॅक म्हणजे एकेक चादर समजा. एकावर एक अंथरायच्या, मग वरून बघणाऱ्याला एकच गादी दिसते. हवी ती चादर काढून बाजूला ठेवता येते. आणि सोलो दाबलं की बाकीच्या सगळ्या गप्प होतात, एकच उरते.

तिने उरवली ती आत्याच्या आवाजाची. ढोलकं गेलं, बेस गेला, मागची तार गेली. आणि आत्याची ओळ सुरू व्हायच्या अगोदर, अगदी कानाशी, पुरुषी आवाजात, कुणीतरी बैलाला पुढे काढावं तसं:

‘हं.’

मग आत्या. ओळ संपली. श्वास. परत ‘हं’. मग आत्या.

ठमीने कपाळाला हात लावला. दुसरं गाणं उघडलं, तिसरं उघडलं. आठही उघडली. दुपारी बाराला तिचे मोजून झाले: एकशे सदुसष्ट. शिवाय आत्या गात असताना खालून चालू असलेली बापाची गुणगुण, ती मोजण्यातली नव्हती. ती सगळीकडे होती, भिंतीतल्या ओलीसारखी.

आता तुम्ही म्हणाल, तीन आठवडे रोज दुपारी हीच पोरगी रेकॉर्ड करत होती, तिच्या कानांत काय बोळे होते? बोळे नव्हते. सवय होती. ठमी जन्माला आली तेव्हापासून या घरात आत्या गाते आणि गाण्याच्या तोंडाशी बाबा ‘हं’ म्हणतात. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसं ते. दुसऱ्या कुणाही रेकॉर्ड करणाऱ्याने पहिल्या ओळीला हात वर करून थांबवलं असतं आणि विचारलं असतं, हे काका कोण? ठमीने नाही विचारलं. तिच्या लेखी तो गाण्याचाच भाग होता.

मास्तर म्हणजे ऑर्केस्ट्रावाले. चाळीस वर्षं अकॉर्डियन गळ्यात अडकवून त्यांनी ऑर्केस्ट्रा चालवला. आत्या त्यांची बहीण, तीन वर्षांनी मोठी, आणि मोठी असून कायम मागच्या रांगेत. पुढे कोण गायचं? जी गोरी असेल ती, जी तरुण असेल ती, जिचा नवरा हॉलवाल्याच्या ओळखीचा असेल ती. आत्या कोरसमध्ये. जाहिरातीच्या कागदावर तिचं नाव चाळीस वर्षांत एकदाही आलं नाही. ती ‘व इतर’ होती. आणि पुढची बाई सुरात घसरली की मागून तिला उचलून धरायचं काम या इतरांचं. हे कुणी अन्याय म्हणून केलं नाही. हाच तर त्यातला सगळ्यात वाईट भाग आहे. अन्याय म्हणून केलं असतं तर कधीतरी भांडता आलं असतं.

दिवसा ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, आणि मशीनवर बसल्या बसल्या स्वतःशीच गाणी जुळवायची. शब्द तिचे, चाल तिची. अशी आठ गाणी. ती कुणी मागितली नाहीत आणि तिने कुणाला दिली नाहीत.

मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, गाठ काढावी लागेल, आणि आवाजाची नस तिला अगदी चिकटून जाते. “बोलता येईल. गाण्याचं मी सांगू शकत नाही.” सोमवारी सकाळी सात वाजता भरती व्हायचं होतं. म्हणून ही तीन आठवड्यांची घाई, म्हणून मागच्या खोलीच्या खिडकीला उभी केलेली गादी, म्हणून स्टँडवरचा माइक. आणि माइकच्या बाजूला, हातभर अंतरावर, खुर्ची टाकून, दुसरा हेडफोन लावून, मांडीवर हात ठेवून बसलेले मास्तर. ‘कंट्रोल’ ठेवायला.

ठमीने आधी स्वतःच निस्तरून बघितलं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, डोंगर आणि सपाटी. ‘हं’ म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी एक टेंगूळ. टेंगूळ कापायचं. पहिली पाच कापली. ऐकलं तर आत्याचं पहिलं अक्षर अर्धं गेलेलं, कारण बापाचा ‘हं’ संपायच्या आत ती सुरू झालेली. ‘उसवलं’चं ‘सवलं’ झालं. आणि गुणगुणीला तर सुरी लावायलाच जागा नव्हती. एका माइकमध्ये दोन आवाज गेले की ते दुधात पाणी, काढून दाखवा.

तिने पाचही काप परत घेतले आणि पुढच्या खोलीत गेली.

आत्या खाटेवर बसून दवाखान्याची पिशवी भरत होती. टॉवेल, दोन गाऊन, चष्म्याचं घर.

“आत्या, घोळ झालाय.”

“कंगवा घेतलाय मी.”

“गाण्यांचा घोळ. सगळ्यांत बाबा आहेत.”

“कुठे आहेत?”

“गाण्यात. चल, ऐक.”

आत्याने हेडफोन लावला. ठमी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पहिल्या ‘हं’ला आत्याच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्याला ती खुदकन हसली. पाचव्या-सहाव्याला हसू गेलं. पूर्ण गाणं तिने ऐकलं आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“हाकतोय की गं मला.”

“हो.”

“दर ओळीला?”

“एकशे सदुसष्ट वेळा. मोजलेत.”

“मोजत बसलीस? वेडी का खुळी?” आत्या गाऊनची घडी परत घालू लागली. “राहू दे. असेल तो. आयुष्यभर होता, आता रेकॉर्डात असला तर काय बिघडलं?”

“बिघडलं. ही तुझी गाणी आहेत. त्यांच्यात तुझी एकटीची एक ओळ नाही. एक सुद्धा नाही, आत्या. आणि उद्या...”

“उद्याचं मला माहीत आहे.”

  गाऊनची घडी काही जमेना, बाही बाहेर येत राहिली.

“मशीनवर बसून म्हणायचीस तेव्हा कोण हं म्हणायचं?” ठमीने विचारलं.

“तिथे ऐकत कोण होतं?”

हे तिने रागाने म्हटलं नाही, माहिती दिल्यासारखं म्हटलं. पण ठमीच्या डोक्यात तिडीक गेली, आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. मास्तर तिथे चहाचा दुसरा कप घेऊन वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते.

“बाबा, आज परत घ्यायचंय. आणि तुम्ही आत बसायचं नाही.”

“का? मी काय केलं?”

“तुम्ही प्रत्येक ओळीआधी हं म्हणता. रेकॉर्ड झालंय.”

“मग म्हणणारच! तिला इशारा लागतो. इशारा दिला नाही तर ठेक्यावर येत नाही ती. कोरसला पण मीच द्यायचो. विचार तिला.”

“विचारलं.”

“मग?”

“मग तुम्ही बाहेर बसा.”

मास्तरांनी पेन कानावर ठेवलं. माणूस वाईट नव्हता. नाकावर माशी बसू देत नव्हता एवढंच. “बसतो. इथेच बसतो. घे माझ्याशिवाय. बघू या काय येतं ते. पण मग मागाहून म्हणू नकोस, बाबा या म्हणून.”

मागच्या खोलीत आत्या माइकपुढे उभी राहिली. पाण्याचा पेला स्टुलावर. ठमीने पहिलं गाणं उघडलं. वाद्यांचे ट्रॅक तसेच ठेवले. आत्याच्या जुन्या आवाजाचा ट्रॅक गप्प केला, पुसला नाही. शेजारचा रिकामा ट्रॅक घेतला, त्यावर रेकॉर्ड लावलं, लाल दिवा पेटला. चार ठोके गेले, ढोलकं सुरू झालं, सुरुवातीचं वाजलं, ओळीची जागा आली.

आत्या उभीच.

जागा गेली. आत्याने ठमीकडे बघितलं, शाळेत फळ्यापुढे उभी केलेली पोर बघते तसं.

“चुकलं. परत लाव.”

परत लावलं. या वेळी ती आली, पण एक ठोका उशिरा, आणि मग धावत धावत ओळ गाठायला गेली. तिसऱ्यांदा घाईने अगोदर आली. चौथ्या वेळी ठमीने हेडफोनमध्ये टिकटिक सोडली, म्हणजे मोजता येईल. आत्या म्हणाली, “हे काय डोक्यात सुतारपक्षी सोडलास,” आणि हेडफोन काढून टाकला. पाचव्या वेळी ठमीने वाद्यं स्पीकरवर सोडली, सुरुवात वाजली, जागा जवळ आली, आत्याने श्वास घेतला...

“हं!”

स्वयंपाकघरातून. दोन दारं बंद असताना.

आत्या बरोब्बर जागेवर आली. एक ओळ गायली. आणि मग थांबली, माइकच्या दांड्याला धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

“खरंच येत नाही गं मला,” ती म्हणाली. “बरोबर आहे तो. मला येतच नाही.”

ठमीने रेकॉर्ड बंद केलं. स्वयंपाकघरात गेली, बाबांच्या चपला उचलल्या आणि बाहेरच्या पायरीवर ठेवल्या.

“बाबा, खाली जा.”

“मी काही मुद्दाम नाही...”

“माहीत आहे मला मुद्दाम नाही. पण खाली जा. कोपऱ्यापर्यंत जा. मी बोलावेपर्यंत वर यायचं नाही.”

चाळीस वर्षं लोकांना स्टेजवर चढवणारा आणि उतरवणारा माणूस पेन कानावर तसंच ठेवून जिना उतरला. ठमीने खिडकीतून बघितलं. ते समोरच्या कुलुपाच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि वर बघत राहिले. तिला वाईट वाटलं. पण तिने कडी लावली.

परत आली तेव्हा आत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. एक वाजून गेला होता. गळा अजून चालत होता, पण ठमीला ठाऊक होतं, तीन आठवड्यांत कधीही एका बैठकीत तीन गाण्यांच्या वर गेला नव्हता. पाच फुकट प्रयत्नांत अर्धं गाणं तर आत्ताच संपलं होतं.

ठमी यंत्राकडे बघत राहिली. एकावर एक ट्रॅक. सगळ्यात खाली ढोलकं, त्यावर बेस, त्यावर तार, आणि सगळ्यात वर, शेवटी, आत्या. तिने आजवर शेकडो गाणी अशीच रचली होती. आधी घर बांधायचं, मग गाणाऱ्याला सांगायचं, हे दार, इथून आत ये. तिला शिकवलंही असंच, आणि बाबांचा ऑर्केस्ट्रा तरी दुसरं काय होता? आणि ही बाई आयुष्यभर दुसऱ्याच्या घराच्या दारात उभी, कुणी ये म्हणेल म्हणून.

तिने नवीन गाणं उघडलं. कोरं. ठोके बंद केले, टिकटिक बंद केली. पडद्यावर एकही चादर नाही. फक्त पहिल्या ट्रॅकवर आत्याचं नाव टाकलं आणि माइक त्याला जोडला. स्टँड खाली आणला, बसलेल्या माणसाच्या तोंडाशी.

“काय लावलंयस?” आत्याने विचारलं.

“काही नाही.”

“मग मी कशावर गाऊ?”

“कशावर नाही. तू गा. मी नंतर तुझ्याखाली वाजवीन.”

“ठेका?”

“तुझा असेल तो.”

“आणि चुकले तर?”

“कशात चुकशील? इथे काहीच नाहीये.”

आत्याने यावर बराच विचार केला. पाणी प्यायली. पाय पसरले, परत जवळ घेतले. लाल दिवा पेटलेला होता आणि सेकंद पुढे जात होते. पंधरा, वीस, चाळीस. ठमीने बोटही हलवलं नाही. नुसती शांतता रेकॉर्ड होतेय तर होऊ दे. नंतर कापता येते. ती तर कापता येते.

एक मिनिट अकरा सेकंदांवर आत्याने सुरुवात केली.

“उसवलं ते शिवते मी, शिवलं ते उसवते,
कुणाच्या गं मापावर मी स्वतःला बसवते...”

ठमीने हे गाणं हजार वेळा ऐकलं होतं आणि हे गाणं तिने कधी ऐकलं नव्हतं. दुसरी ओळ आत्याने लगेच घेतली नाही. थांबली. बाबांनी जिथे ‘हं’ म्हटलं असतं ती जागा गेली, तिच्या पुढची गेली, आणि मग आत्या आली, खालून, जराशी, पाण्यात पाय सोडावा तशी. आणि ती जागाच बरोबर होती. चाल तशीच होती, तशीच असणार. मशीनवर चाकाला हात लावून दोरा भरताना थांबावंच लागतं. चाळीस वर्षं त्या थांब्याला सगळे चूक म्हणत होते.

गाणं पाच मिनिटं चाललं. जुनं तीन मिनिटांचं होतं.

आत्याने डोळे उघडले. “झालं?”

“झालं.”

“किती चुकले?”

“पुढचं गा,” ठमी म्हणाली. 

दुसरं गाणं खिडकीत येऊन बसणाऱ्या मांजराचं होतं, हसायचं. त्यात आत्याने मध्येच एक अख्खी ओळ नुसती बोलून टाकली, गायलीच नाही, आणि ते फार छान झालं. तिसऱ्याला आवाज जड यायला लागला होता. वरचा सूर तिने घेतला नाही, त्याच्या खाली येऊन उभी राहिली. चौथं सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला गळा बसला. खाकरली, परत सुरू केलं, परत बसला. तिने हाताने नाही म्हटलं.

“तीन झाली,” ठमी म्हणाली.

“तीन तर तीन.”

“उरलेली पाच?”

“त्या पाचांत असू दे त्याला. तोही कुठे जाईल बिचारा.” आत्याचा आवाज घोगरा झाला होता. “पण या तिन्हींचं जुनं पूस.”

“ठेवू या की. जागा आहे. गप्प करून ठेवते.”

“गप्प नको. पूस.”

ठमीने पहिल्या गाण्यातला जुना ट्रॅक निवडला. पडद्यावर प्रश्न आला, नक्की पुसायचं का. आत्याने चष्मा लावून तो वाचला, आणि ठमीचा हात बाजूला सारून स्वतःच बटण दाबलं. तीनदा. मग उठली आणि झोपायला गेली.

मास्तर पाचला वर आले. कुणी बोलावलं नव्हतं, पण कडी काढलेली होती. आत्या झोपली होती. ठमी हेडफोन लावून नव्या गाण्याखाली सूर टाकत होती, ठेका नाही, नुसता एक लांब सूर, आत्याच्या मागे मागे. ते दारात उभे राहिले.

“जमलं?”

ठमीने दुसरा हेडफोन पुढे केला. त्यांनी लावला. डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या ओळीच्या आधी त्यांचे ओठ हलले, आवाज न करता; आणि ओळ आली नाही. त्यांनी डोळे उघडले. पडद्याकडे बघितलं, यंत्र अडकलं की काय. मग ओळ आली.

पाचही मिनिटं त्यांनी ऐकलं. नंतर म्हणाले, “उशीर करते.”

“नाही करत.”

“मी ऐकलं ना आत्ता.”

“बाबा, उशीर कुणापेक्षा? आत दुसरं कुणी आहे का?”

मास्तरांनी नाक ओढलं. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “अकॉर्डियन हवं याला. खाली. हळू.”

“वाजवाल?”

“मग काय कुलूपवाला वाजवणार?”

त्यांनी पेटाऱ्यातून अकॉर्डियन काढलं, पट्टे खांद्यावर घेतले. माइक आता त्यांच्यापुढे. आत्याचा आवाज हेडफोनमध्ये, म्हणजे माइकमध्ये फक्त वाद्य जाणार. ठमीने तिसरा ट्रॅक दिला. पहिली ओळ ठीक गेली. दुसरीला मास्तर आले, भरदार, दिमाखात, आणि एकटेच. आत्या अजून आली नव्हती. त्यांनी बोटं झटकन उचलली.

“परत.”

पुसलं. परत. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मोजायला बघितलं, मनात आकडे धरून. पण आत्या दुसऱ्या ओळीला जेवढी थांबली होती तेवढी तिसरीला थांबलीच नव्हती, आणि तिथे ते मागे राहिले.

“याचा हिशेब काय आहे?” ते वैतागले. “चार मात्रा थांबते की सहा?”

“हिशेब नाही. ती येईपर्यंत थांबायचं.”

“आणि मला कसं कळणार ती येतेय?”

“श्वास घेते ना. ऐकू येतो. नीट ऐका.”

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्या माणसाला त्यांनी ऑर्केस्ट्रातून काढलं असतं. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबला, सोडला, भात्यात हवा भरली.

“लाव.”

लाल दिवा पेटला. पहिली ओळ. मग ती रिकामी जागा. मास्तरांची बोटं पट्ट्यांच्या वर, न टेकता. कानाजवळ आत्याचा श्वास आला असावा, कारण त्यांची मान किंचित वाकली. आत्या आली. तिच्यामागून, अर्ध्या मात्रेने, अकॉर्डियन आलं.

शेवटपर्यंत तसंच गेलं. कुठे अर्धी मात्रा, कुठे एक, पण कायम मागून.

दिवा विझला. मास्तरांनी घाम पुसला. “मागे पडलो सगळीकडे. पुन्हा घे. आता जमेल मला बरोबर तिच्यासोबत.”

“नको,” ठमी म्हणाली, आणि गाणं सेव्ह केलं.